मानसोपचार ओपीडीत पेशंट अचानक बिघडला तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ओपीडीत आरडाओरडा झाला की पहिली हाक ठरलेली असते: “सिस्टर, इंजेक्शन आणा!” नातेवाईक ओरडतात, शिपाई ओरडतो, कधी आपणही ओरडतो. चार जण धावतात, पेशंटला धरतात, हॅलोपेरिडॉल टोचून होतं आणि मग कुणाला तरी शुगर बघायची आठवण होते. शुगर बघायची असते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ती आधी बघायची, एवढंच राहून जातं. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार ओपीडीत काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहिते आहे. वॉर्डातली पद्धत इथे जशीच्या तशी लागू होत नाही. दार बंद करता येत नाही, पलंग नसतो, डॉक्टर एकच असतात, बाहेर रांग असते. आणि ज्याला आपण आज शांत केलं, तो बहुतेक वेळा संध्याकाळी घरी जाणार असतो. औषधांचे डोस दिलेत ते तयारीसाठी. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय त्यातलं एकही द्यायचं नाही.

पायरी १: ओपीडी सुरू होण्याआधीची तयारी

सकाळी दहा मिनिटं यासाठी काढा.

खोली बघा. टेबलावरची कात्री, पेपरवेट, काचेचा ग्लास ड्रॉवरमध्ये जाऊ द्या. मोकळं स्टूल आणि सलाइनचा स्टँड पेशंटच्या खुर्चीपासून दूर हवा. तुमची खुर्ची अशी लावा की दारापर्यंत तुम्हालाही सरळ जाता येईल आणि पेशंटलाही. दोघांपैकी कुणाचीही वाट अडता कामा नये. कोंडल्यासारखं वाटलं की घाबरलेला माणूस अंगावर येतो. दाराला आतून कडी असेल तर ती काढून टाकायला लावा.

ट्रे बघा. ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या स्ट्रिप, बीपी मशीन, पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं ग्लुकोज), थायमिन, हॅलोपेरिडॉल, प्रोमेथाझिन, लोराझेपाम, फ्लुमाझेनिल (लोराझेपामचा उतारा), सिरिंज, हातमोजे, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). लोराझेपामचं इंजेक्शन फ्रिजमध्ये राहतं, ट्रेमध्ये नाही. कुठल्या फ्रिजमध्ये, हे ड्युटीवरच्या सगळ्यांना माहीत हवं. ऑक्सिजन सिलिंडरची चावी सुतळीने सिलिंडरलाच बांधून टाका. ऐन वेळी ती चावी शोधत तीन खोल्या फिरलेली मी आहे.

स्वतःकडे बघा. मंगळसूत्र एप्रनच्या आत, वेणी वर बांधलेली, ओळखपत्राची दोरी आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवलेला. ओढणी नको.

माणसं ठरवा. चार कामं, चार जण: बोलणारा, गर्दी हटवणारा, औषध आणणारा, वेळ लिहिणारा. मावशी आणि सुरक्षा रक्षक यांनाही यात धरा, कारण प्रत्यक्षात सगळ्यात आधी तेच पोचतात. एक सांकेतिक वाक्य ठरवून ठेवा. आमच्याकडे “निळी फाईल आणा” असं म्हणतात. पेशंटला भीती वाटत नाही, रांगेत गडबड होत नाही, आणि माणसं येतात.

भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: ऑन-कॉल मानसोपचारतज्ज्ञ, अपघात विभाग, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६.

*तपासा:* ट्रेमधल्या वस्तू मोजल्या का? आज चार कामं कुणाकडे आहेत ते नावानिशी ठरलं का?

पायरी २: रांगेतच ओळखा

बिघडणं एकदम होत नाही. येरझाऱ्या, मुठी आवळणं, एकाच वाक्याची पुनरावृत्ती, दारातून सतत आत डोकावणं, आवाज चढत जाणं, केसपेपरची सुरळी करून ती पिळत राहणं ही सगळी आधीची चिन्हं. असा पेशंट दिसला की त्याचा नंबर कितवा आहे हे विसरून त्याला आधी आत घ्या. रांगेतले लोक कुरकुर करतात. “यांना त्रास होतोय, पाच मिनिटं द्या” एवढं सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात.

खेड्यातून कधी पेशंटला हात दोरीने किंवा साडीने बांधून जीपमध्ये घालून आणतात. नातेवाइकांवर ओरडू नका, ते रात्रभर जागे असतात. पण त्या अवस्थेत त्याला रांगेत बसवूही नका. लगेच आत घ्या, किती वेळ बांधलंय ते विचारा, मनगटांचा रंग आणि बोटांची हालचाल बघा, आणि माणसं जागेवर आल्यावर, पेशंटशी बोलत बोलत, गाठ सोडा. पाणी द्या. पुष्कळदा सोडल्यावर तो नुसता बसून राहतो.

*इशारा:* ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प बसलेल्याकडे कुणाचंच जात नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक ताई यायच्या, नैराश्याचा उपचार चालू होता. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी आल्या आणि म्हणाल्या, “गाव लांब आहे, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का?” माझ्यासमोर रांग होती. मी हो म्हणून लिहायला घेतलं. शेजारच्या इन्चार्ज सिस्टरांनी माझा हात धरला, ताईंना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “आधीच्या गोळ्या संपल्या का?” ताईंनी पिशवीतून एक रुमाल काढला. त्यात मागच्या तीन खेपांच्या पट्ट्या होत्या, एकही गोळी न फोडलेली, रबर लावून नीट रचलेल्या. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला आणि रडायला लागल्या. तेव्हापासून तारखेआधी आलेल्या आणि जास्त गोळ्या मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बसवते.

अशीच इतर चिन्हं: खूप दिवस खचलेला माणूस कारण नसताना एकदम निवांत दिसणं, देणीघेणी मिटवण्याच्या गोष्टी, “आता तुम्हाला त्रास देणार नाही” असं बोलणं, आणि वॉर्डातून नुकताच डिस्चार्ज झालेला असणं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे असतात.

पायरी ३: आधी शरीर

पेशंट हात लावू देत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत: शुगर, नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुद्ध. “तुमचं नाव काय, आपण कुठे आहोत, आज वार कोणता” हे तीन प्रश्न. डोक्याला मार लागल्याची खूण, तोंडाला दारूचा किंवा औषधाचा वास. हात लावू देत नसेल तर डोळ्यांनी मोजा: श्वास किती, घाम किती, चाल कशी, बाहुल्या केवढ्या.

एका सोमवारी एका काकांना मुलगा आणि पुतण्या दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, भिंतीवरच्या कॅलेंडरला शिव्या देत होते. जुना केसपेपर स्किझोफ्रेनियाचा. हॅलोपेरिडॉल सिरिंजमध्ये भरून तयार होतं. माझ्यासोबतच्या ब्रदरने तेवढ्यात बोट टोचलं. शुगर ३८. सकाळी डायबेटिसची गोळी घेतली होती आणि ओपीडी चुकू नये म्हणून न खाता पहिल्या एसटीने निघाले होते. डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं आणि दहा मिनिटांत काका विचारत होते, “माझी एक चप्पल कुठंय?” त्या दिवशी त्यांना घरी सोडलं नाही, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर पुन्हा उतरते.

मानसिक आजार वाटतो पण अपघात विभागात न्यायचा असतो, असे पेशंट ओळखायला शिका:

- दारू सुटल्याचा त्रास. शेवटचा पेग कधी, हे विचारलंच पाहिजे. थरथर पहिल्या दिवसात, फिट साधारण ६ ते ४८ तासांत, आणि भ्रमिष्टपणा, दिसू नये ते दिसणं, ताप, घाम हे दोन ते चार दिवसांत. दारू पिणाऱ्याला ग्लुकोजच्या आधी थायमिन. पण साखर खरोखर उतरलेली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज थांबवू नका.
- लिथियम जास्त होणं. जाड थरथर, झोकांड्या, जड जीभ, उलट्या-जुलाब. उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यावर किंवा दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर हे दिसतं. पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना बोलवा, रक्तातली पातळी काढायला पाठवा.
- अँटीसायकोटिक (हॅलोपेरिडॉलसारखं औषध) चालू असताना ताप आणि लाकडासारखं कडक अंग. सोबत घाम, बीपी वरखाली, शुद्ध हरपलेली. ही जिवावरची गुंतागुंत आहे. “चिडलाय” म्हणून आणखी एक इंजेक्शन देणं इथे घातक ठरतं.
- क्लोझापिन चालू आणि घसा दुखून ताप. त्याच दिवशी रक्ताची तपासणी, पांढऱ्या पेशींसाठी.
- मान वाकडी, डोळे वर, जीभ बाहेर. हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर तासांत किंवा पहिल्या काही दिवसांत. घरच्यांना बाधा वाटते, कुणाला फिट वाटते. प्रोमेथाझिनने थोड्या वेळात सुटतं. पेशंट शुद्धीवर असतो आणि प्रचंड घाबरलेला असतो, त्याच्याशी बोलत राहा.

साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच असं वागणारा, सकाळी बरा आणि संध्याकाळी बरळणारा, नसलेली माणसं आणि किडे दिसणारा, अंगात ताप असलेला: यातलं काहीही असेल तर मेंदू आणि शरीर आधी, मानसोपचार नंतर. बाळंत होऊन काही दिवस झालेली, झोप उडालेली आणि विचित्र बोलणारी बाई आली तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे, आणि तोवर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही.

“अंगात आलंय” म्हणून आणलेल्या किंवा दातखिळी बसलेल्या मुलीलाही हाच नियम. कांदा नाकाशी धरणं, छातीचं हाड चोळणं, गालावर मारणं बंद. नाडी, शुगर, ऑक्सिजन ठीक असेल तर गर्दी बाहेर, एक माणूस शेजारी, हळू आवाज. छातीत धडधड आणि हातपाय गार पडलेल्या माणसालाही घबराटीचा झटका म्हणायच्या आधी ईसीजी.

*तपासा:* शुगरचा आकडा केसपेपरवर लिहिला का? तो लिहिल्याशिवाय पुढची पायरी नाही. हातच लावू देत नसेल तर “तपासता आलं नाही” असं वेळेसकट लिहा आणि संधी मिळताच बघा.

पायरी ४: जागा मोकळी करा

पेशंटला ओढत दुसरीकडे नेण्यापेक्षा बाकीच्यांना बाहेर काढणं सोपं असतं. बोलणारा एकच माणूस पुढे, बाकीचे त्याच्या मागे पण नजरेच्या टप्प्यात. दोन हातांचं अंतर, किंचित तिरकं उभं राहा, हात दिसतील असे ठेवा. पाठ फिरवू नका.

नातेवाईक हा नाजूक भाग. पुष्कळदा पेशंट ज्याच्यावर चिडलाय तोच भाऊ, नवरा किंवा सासरा शेजारी उभा राहून “बघा, घरी पण असंच करतो” म्हणत असतो. त्यांना काम देऊन बाहेर पाठवा: “दादा, जुने रिपोर्ट घेऊन या.” ज्याचं पेशंट ऐकतो असं माणूस कोण, ते त्यांनाच विचारून त्याला जवळ ठेवा. ती कधी बारा वर्षांची मुलगी निघते; मुलांना मात्र या कामाला लावू नका.

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याला ताबडतोब थांबवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे, आणि कलम २४ प्रमाणे त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

हत्यार दिसलं तर ते हिसकावायला जाऊ नका. “ते खाली ठेवा, मग बोलू” म्हणा, अंतर वाढवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ फिरवा.

पायरी ५: बोला, आणि बोलायला वेळ द्या

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. दहा मिनिटं बोलण्यासाठी द्या, घड्याळ लावून. रांग तुंबते म्हणून दोन मिनिटांत इंजेक्शन दिलं तर पुढचा तासभर त्याच पेशंटच्या बीपीमागे जातो, आणि तो पुढच्या वेळी ओपीडीत पाऊल टाकत नाही.

“काका”, “ताई”, “दादा”, “मावशी” आणि “तुम्ही”. अगदी विशीतल्या मुलालाही आधी “तुम्ही”. एकेरीवर आलात की तो भांडणाचा सूर होतो. पहिलं वाक्य साधं ठेवा: “मी इथली सिस्टर. तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय. काय झालं, मला सांगा.” मग गप्प राहा. वाक्यं छोटी. एका वेळी एकच गोष्ट. उत्तर यायला वेळ लागतो, कारण त्याच्या कानात आणखी आवाज चालू असू शकतात.

“शांत व्हा!” असं मोठ्याने सांगून कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी स्वतःचा आवाज खाली आणा. शेजारी जेवणात विष घालतात असं तो म्हणत असेल तर “असं काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत” म्हणून वाद घालू नका, आणि “हो, घालतात खरे” म्हणून खोटंही बोलू नका. “असं वाटत असताना घास उतरणं कठीणच. झोप तरी लागते का?” भीतीला उत्तर द्या, गोष्टीला नाही.

निवड द्या, दोनच पर्याय: “इथे बसायचं की बाहेर पारावर?” “पाणी आधी की चहा?” “गोळी घेता का, की आधी डॉक्टरांशी बोलता?” ज्याच्या हातातून सगळं सुटलंय त्याला एवढं ठरवू दिलं तरी फरक पडतो. सीमा सांगायची असेल तर एकदाच, स्पष्ट: “राग आला तर बोला, मी ऐकते. खुर्ची फेकली तर मला थांबता येणार नाही.” ही धमकीच्या सुरात नको.

अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू बोलणारा माणूस घाबरल्यावर आपल्याच बोलीत बोलतो. ती बोली येणारी मावशी किंवा वॉर्डबॉय असेल तर बोलण्याचं काम त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही मागे उभ्या राहा.

*चूक जी रोज होते:* एकाच वेळी तीन जण समजावत असतात.

पायरी ६: जीव देण्याबद्दल सरळ विचारा

विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. नातेवाइकांसमोर विचारू नका. दार लोटून, बसून, याच क्रमाने:

१. “झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं का?”
२. “जीव द्यावा असं मनात येतं का?”
३. “कसं, याचा विचार केलाय?”
४. “करायचंच, असं ठरवलंय का? कधी?”
५. “त्यासाठी काही आणून, साठवून ठेवलंय? कुणाला काही लिहिलंय?”
६. “याआधी कधी केलं होतं? गेल्या तीन महिन्यांत?”
७. “आज इथे यायच्या आधी काही घेतलंय का?”

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो, आणि शेतीच्या भागात तो जीव वाचवतो. लाळ, घाम, बारीक बाहुल्या, फवारणीच्या औषधाचा वास असेल तर तोच पहिला विचारा.

पहिल्या दोन प्रश्नांना होकार असेल तर डॉक्टरांनी आजच, रांगेशिवाय बघायचं. तिसऱ्याला होकार असेल तर त्यासोबत पायरी ९ मधली सुरक्षा योजना केल्याशिवाय सोडायचं नाही. चौथ्या, पाचव्या प्रश्नाला होकार असेल, किंवा नुकताच प्रयत्न झाला असेल, तर एक क्षणही एकटं सोडायचं नाही. संडासातही नाही, सोबत जा, कडी लावू देऊ नका. पिशवी आणि खिसे त्यांच्या परवानगीने बघा.

काही घेतलं असेल तर अपघात विभाग, लगेच. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. कपड्यांवर फवारणीचं औषध असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा. बाटली किंवा पाकीट नातेवाइकांना आणायला लावा, निदान फोटो मागवा. “आता बरं वाटतंय” यावर विश्वास ठेवू नका: पिवळा फॉस्फरस असलेली उंदराची पेस्ट किंवा पॅरासिटामॉल जास्त घेतल्यावर पहिला दिवस माणूस ठीक दिसतो आणि यकृत नंतर बिघडतं.

नातेवाईक पोलिसांच्या भीतीने लपवतात. त्यांना सांगा: मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कायदा धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखं सरसकट कलम ठेवलेलं नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होईल, पण ती उपचार थांबवत नाही.

*इशारा:* “पुन्हा असं करणार नाही” असं लिहून घेऊन सही घेण्याने कुणाचा जीव वाचत नाही. तो कागद फक्त आपल्याला निश्चिंत करतो.

पायरी ७: औषध, आणि गरजच पडली तर हात

आधी तोंडाने. बोलणं नीट झालं असेल तर चिडलेला माणूसही गोळी घेतो. नाहीच तर डॉक्टर बहुधा हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायूत, किंवा लोराझेपाम २ मिलिग्रॅम सांगतात. तोंडी आदेश मोठ्याने परत म्हणा, आणि देऊन झाल्याबरोबर लिहून सही घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगायच्या गोष्टी: दारू प्यायलाय का, गरोदर आहे का, हृदयाचा त्रास आहे का, आज आधी काय दिलंय.

ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकापाठोपाठ देऊ नका. बीपी आणि श्वास दोन्ही पडू शकतात. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते नीट शोषलं जात नाही. धडपडणाऱ्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचणं सुरक्षित.

टोचून झालं म्हणजे काम संपलं असं समजून सगळे पांगतात. खरी जबाबदारी तिथून सुरू होते. पहिला तास दर १५ मिनिटांनी श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, शुद्ध. मग उठून चालेपर्यंत दर अर्ध्या तासाने. कुशीवर झोपवा. श्वास मिनिटाला १० च्या खाली गेला तर ऑक्सिजन, अंबू बॅग आणि डॉक्टर, याच क्रमाने.

धरावंच लागलं तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९७ लक्षात ठेवा. जवळ येऊन ठेपलेली इजा टाळायचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरज असेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एकट्याला खोलीत कोंडणं कायद्याने बंद आहे. कारण, पद्धत आणि वेळ फाईलमध्ये लिहायची, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या, कायद्याने ठरलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं.

धरताना पाच जण: चार हातापायांना, एक डोक्याशी. डोक्याशी असलेलाच बोलतो: “तुम्हाला इजा होऊ नये म्हणून धरलंय. श्वास घ्या. लगेच सोडतो.” पालथं पाडायचं नाही. छातीवर, पाठीवर, मानेवर गुडघा नाही. स्त्री पेशंट असेल तर धरणाऱ्यांत स्त्रिया हव्यात. सांधे वळवू नका, कपडे सावरा.

पायरी ८: पुढे कुठे

पर्याय चारच: घर, आपलाच वॉर्ड, अपघात विभाग, किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय.

याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो: जीव जाण्याचा किंवा कायमची हानी होण्याचा धोका असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होणार असेल, किंवा आजारातूनच मालमत्तेचं मोठं नुकसान होणार असेल तेव्हा. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. जवळच्या केंद्रात नेणंही यातच येतं. मुदत ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य केंद्रात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. शॉक ट्रीटमेंट यात बसत नाही. तज्ज्ञ रजेवर आहेत म्हणून पेशंट परत पाठवण्याची गरज नसते, ती या कलमामुळे.

रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलीस घेऊन आले तर कलम १०० प्रमाणे त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात आणणं त्यांचं कर्तव्य आहे, आणि कोठडीत ठेवता येत नाही. त्याच्या पायांच्या जखमा, उवा आणि शेवटचं जेवण बघा.

दुसरीकडे पाठवताना आधी फोन करा, ज्यांनी घेतला त्यांचं नाव लिहा. चिठ्ठीवर दिलेलं औषध, डोस आणि वेळ ठळक अक्षरात. ती वेळ नसली की तिकडे दुसरा डोस दिला जातो.

पायरी ९: घरी पाठवताना

शांत झाला म्हणून सोडायचं नाही. सोबत जबाबदार माणूस असेल, जीव देण्याचा ठरलेला बेत नसेल आणि पुढची तारीख हातात असेल, तरच.

सुरक्षा योजना पेशंटसोबत बसून, त्याच्याच शब्दांत, केसपेपरच्या मागे लिहा. मन बिघडायला लागल्याची माझी खूण कोणती. मी एकटा काय करून बघेन. कुणाकडे जाऊन बसेन. कुणाला सांगेन. कुठे फोन करेन. एका दादांनी पहिल्या ओळीत लिहिलं होतं, “गोठ्यात जाऊन बसावंसं वाटतं.” आम्हाला ते कधीच सुचलं नसतं, पण त्यांच्या बायकोला त्या एका ओळीने नेमकं कधी जवळ जायचं ते कळलं.

गोळ्या सात दिवसांच्याच, आणि घरच्यांच्या हातात. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, लिथियम असेल तर यात तडजोड नाही. घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात ते विचारा. “लपवून ठेवा” पुरत नाही. घराबाहेर, कुलपात, किल्ली शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे. नातेवाइकांना हेही सांगा की “धाडस होतं का तुझ्यात” किंवा “आमचा विचार कर जरा” ही वाक्यं रागातही बोलायची नाहीत.

दोन दिवसांच्या आत फोन करा. “ओपीडीतून सिस्टर बोलतेय. झोप लागली का? गोळ्या कुणाकडे आहेत?” दोन मिनिटं लागतात. फोन लागला नाही तर आशाताईंना निरोप द्या, पेशंटने तशी परवानगी दिलेली असेल तर. ही परवानगी आजच, निघायच्या आधी विचारून ठेवा.

*तपासा:* १४४१६ हा नंबर पेशंटच्या आणि सोबतच्या माणसाच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह झाला का? तुमच्यासमोर करायला लावा.

पायरी १०: लिहा, आणि आपली माणसं सांभाळा

“पेशंट व्हायोलंट, इंजेक्शन दिलं” या नोंदीने उद्याच्या सिस्टरला काहीच कळत नाही. असं लिहा: “११.१० ला खिडकीवर मूठ मारली, ‘मला मारायला आलेत’ म्हणाले. शुगर ११२, बीपी १४०/९०. ११.१५ ते ११.२५ बोलणं. गोळी नाकारली. डॉक्टरांच्या आदेशाने ११.२८ ला हॅलोपेरिडॉल ५, प्रोमेथाझिन ५०, उजवी मांडी. ११.४५ ला श्वास १६, हाक मारल्यावर डोळे उघडतात.” कशाने बिघडलं आणि कशाने निवळलं, या दोन ओळी केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने. पुढच्या वेळी त्याच उपयोगी पडतात.

त्यानंतर चौघांनी दहा मिनिटं बसा. काय नीट झालं, क्रम कुठे चुकला. ज्या मावशींना फटका बसला त्यांना तपासून घ्या, इजेची नोंद करा, त्यांना घरी जायचं असेल तर जाऊ द्या. रांगेत जे बसले होते तेही पेशंटच होते आणि त्यांनी सगळं पाहिलं. बाहेर जाऊन सांगा की त्या दादांना आता बरं आहे आणि नंबर पुन्हा सुरू होतोय.

मग ट्रे भरा. वापरलेल्या स्ट्रिप, सिरिंज आणि ॲम्प्युल मोजून रजिस्टरला लिहा, नवीन ठेवा, लोराझेपाम फ्रिजमध्ये परत गेलं का ते बघा, आणि सिलिंडरची चावी सुतळीला बांधलेली आहे ना, ते हात लावून पाहा.